अकरा नंबरच्या मशीनचं दुखणं

कानसेनाच्या बायकोनं अखेर कानसेनाचं तोंड शिवून टाकलं, ही बातमी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर निघाली आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला दोऱ्याचा रंगही चिकटला होता. काळा. कुणाला फारसं नवल वाटलं नाही. त्या माउलीच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं वीस वर्षांपूर्वीच सुई ओवली असती, याबद्दल आमच्या जिन्यात एकमत होतं.

तर आधी दुरुस्ती. टाके पडले, हे खरं. पण ते तोंडाला नव्हेत, डाव्या कानाच्या पुढ्यात. आणि घातले ते बायकोनं नव्हेत, एका सर्जनबाईंनी, दोन ठिकाणी सही घेऊन. मात्र त्या टाक्यांमागचं प्रकरण असं, की त्यापुढे अफवेनंच लाजावं.

कानसेन शर्ट शिवायच्या कारखान्यात मिस्त्री. चार रांगा, चाळीस मशीन, चाळीस बाया, आणि त्या सगळ्या मशीनचा वैद्य हा एकटा. तानसेन होता आलं नाही तर कानसेन तरी व्हावं म्हणतात, त्यातलं हे नाव. पण गंमत अशी, की तो कानानं ऐकायचाच नाही. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचा, लाकडी मूठ दाढांत धरायचा आणि डोळे मिटायचा. "कान बाहेरचं ऐकतात," तो म्हणायचा. "आतलं ऐकायचं तर हाडानं." ते खोटंही नव्हतं. झिजलेलं बेअरिंग, सैल खिळी, वाकलेला दांडा, सगळं त्याच्या दाढांनी पकडलेलं. मालक पाहुण्यांना कापड दाखवायच्या आधी कानसेन दाखवायचे.

गेल्या दोन वर्षांत मात्र त्याला एक नवाच आवाज यायला लागला. कट्ट. बारीक, कोरडा, आत कुणी काडी मोडावी तसा. मूठ चावली, पकड जरा सैल केली, पुन्हा चावली, की कट्ट. आधी तो सात नंबरच्या मशीनमध्ये सापडला, मग एकोणतीसमध्ये, मग सगळीकडे. घरी फ्रिजमध्ये होता. इमारतीच्या लिफ्टमध्ये होता. ती त्यानं नऊ दिवस बंद ठेवायला लावली. आमचा मिक्सर त्यानं तीनदा खोलला, आणि तिसऱ्यांदा जोडल्यावर एक स्क्रू उरला. "हा जास्तीचाच होता," म्हणाला. जेवताना तर आवाज हमखास यायचा, म्हणून त्यानं जेवणाच्या टेबलाचे चारही पाय काढले. महिनाभर घरातली माणसं जमिनीवर बसून जेवली आणि कट्ट होतच राहिलं.

"फरशीत आहे," कानसेन म्हणाला.

"अहो, तुमचं गालफड वाजतंय," बायको म्हणाली.

"तू भात वाढ."

कारखान्यातला सगळ्यात मोठा कट्ट निघाला अकरा नंबरच्या मशीनमध्ये. हे मशीन खिडकीपाशी, आणि त्यावर बसणारी बाई सोळा वर्षं नुसत्या कॉलरी शिवणारी, जिभेला सुईपेक्षा धार. ती म्हणाली, "मिस्त्री, माझं मशीन गाय आहे गाय. आवाज असलाच तर तुमच्या डोक्यात असेल." चार बाया हसल्या. कानसेनानं रागानं मूठ आणखी करकचून चावली, तर कट्ट आणखी मोठा. झालं. त्यानं कागदावर लिहून दिलं: बाईचा हात जड, मशीनला आतून इजा. मालकांनी तिला उचललं आणि मागच्या टेबलावर, संडासाच्या दाराजवळ, धागे तोडायला बसवलं. कॉलरी शिवणारी बाई आता दुसऱ्यांच्या कॉलरींवरचे धागे कात्रीनं टिपू लागली.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मालकांच्या देखत पुन्हा तपासणी झाली. कानसेनानं अशी काही मूठ चावली, की कानाजवळ काहीतरी सरकलं. तोंड दोन बोटं उघडलं आणि तिथंच अडलं. पण आवाज गेला. त्यानं पुन्हा ऐकलं. अकरा नंबर गप्प. सात गप्प. एकोणतीस गप्प. दातांच्या फटीतून तो कसाबसा म्हणाला, "बरं झालं मशीन." बाई उठली आणि मशीन बरं झालं, म्हणजे खोट बाईच्याच हातात, असं मालकांनी ताडलं, आणि मागचं टेबल तिच्या नावावर कायमचं झालं.

इकडे कानसेनाच्या तोंडात चमचा आडवा कसाबसा जाई, उभा तर नाहीच. बायकोनं त्याला धरून सर्जनबाईंकडे नेलं.

"तोंड उघडताना आधी आवाज यायचा?" बाईंनी विचारलं.

"नाही," कानसेन.

"यायचा," बायको.

"मग बंद कधी झाला?"

"मंगळवारी," कानसेन म्हणाला. "अकरा नंबरचं मशीन दुरुस्त झालं तेव्हा."

"मी जबड्याचं विचारतेय."

बाईंनी टेबलावरची प्लास्टिकची कवटी घेतली आणि जबड्याचा सांधा दाखवला. कवटी आणि जबडा यांच्यामध्ये एक मऊ चकती असते.

"वायसर," कानसेन म्हणाला.

"वायसर म्हणा. तुमची चकती पुढे सरकलीय. आधी तोंड उघडताना ती पुन्हा जागेवर उडी मारायची, तेव्हा वाजायचं. आता ती परत येतच नाही, वाटेत अडून बसलीय. म्हणून आवाजही नाही आणि तोंडही उघडत नाही. कडक काही दाढांत धरायची सवय आहे?"

कानसेनानं कवटीचा जबडा बोटानं खाली ओढून बघितला. कवटीचं तोंड मात्र चांगलं चार बोटं उघडत होतं.

घरी आल्यावर बायकोनं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "उद्या जाऊन मालकांना सांगा. ती बाई तिथं धागे तोडतेय."

"तोंड कुठे उघडतंय."

"लिहून द्या."

"अक्षर खराब आहे."

अक्षर काही इतकं वाईट नव्हतं. पण तीस वर्षं त्या कारखान्यात मिस्त्री म्हणेल ती पूर्व दिशा होती. आपल्याच जबड्याचा आवाज आपण चाळीस मशीनमध्ये शोधला, हे एकदा सांगितलं की उद्या खरोखरच बेअरिंग गेलं तरी बाया म्हणणार, मिस्त्री, आधी दाढ बघून या. हा विचार त्याच्या घशात चकतीपेक्षा पक्का अडकला होता.

उपचार पायरीपायरीनं चालले. रात्री दातांवर बसवायचा प्लास्टिकचा साचा झाला, सूप आणि मऊ भात झाला. मग दोन सुया घालून सांधा आतून पाण्यानं धुतला. हे कानसेनाला पटलं. कुठलाही शहाणा मिस्त्री खोलायच्या आधी धुऊनच बघतो. पण तोंड वाढलं ते तांदळाच्या दाण्याएवढं. शेवटी सर्जनबाई म्हणाल्या, ऑपरेशन.

"वायसर सरळ बदलून टाका ना."

"बदलत नाही. कानापुढे छोटा छेद घेऊन चकती मागे ओढायची आणि टाक्यांनी जागेवर बांधायची."

"वायसर शिवतात?" उभा जन्म शिवणाच्या कारखान्यात काढलेल्या माणसानं ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली होती. "दोरा कोणता?"

"न विरघळणारा."

"टाका एकेरी की दुहेरी?"

"ते तुम्हाला झोपवल्यावर ठरवू," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन छान झालं. डावी भुवई तेवढी काही आठवडे वर जाईना, त्यामुळे अर्धा चेहरा चकित आणि अर्धा झोपलेला. तोंड वाढवायला व्यायाम दिला होता: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, रोज जमेल तशी एक वाढवायची. मोजायला बायको. तिनं पहिल्याच दिवशी अट घातली, की वीस काड्या झाल्या की कारखान्यात जायचं आणि खरं बोलायचं. कानसेन मान डोलावून मोकळा झाला. बारा, चौदा, सोळा, गाडी झपाट्यानं एकोणीसवर आली आणि तिथं रुतली. आठ दिवस एकोणीस. विसावी दिसली की हा कण्हायचा, गाल धरायचा. सर्जनबाईसुद्धा बुचकळ्यात पडल्या.

नवव्या दिवशी संध्याकाळी टीव्हीपुढे कानसेनानं जांभई दिली. बायको भाजी निवडता निवडता थांबली.

"ही पंचवीस काड्यांची होती," ती म्हणाली. "चप्पल घाला."

"आत्ता कारखाना बंद झाला असेल."

"मग उद्या. मी फाटकापर्यंत येते."

आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी हाताची घडी घालून उभीच राहिली. कानसेन आत गेला. मूठ दाढांत धरायची सक्त मनाई होती, तरी स्क्रू-ड्रायव्हर हातात होता. मोकळ्या हातानं कसं जायचं. अकरा नंबरवर एक नवी मुलगी बसली होती. तिला त्यानं उठवलं, मशीन चालू केलं, कान टेकवून ऐकलं. मग मागच्या टेबलापाशी गेला. मालक त्याला बघून पुढे आले.

"काय मिस्त्री, पुन्हा काही वाजतंय का?"

"मशीन ठणठणीत आहे," कानसेन म्हणाला. "पहिल्यापासून होतं. बाईच्या हातात काही खोट नाही. तो कट्ट माझ्या जबड्यातला. ऑपरेशन करून जबडा बसवून घेतला."

आधी जवळची मशीनं थांबली, मग त्यांच्यामागची. कुणीतरी विचारलं, "काय म्हणाला?" कुणीतरी सांगितलं. हसू चार रांगांमधून फिरून परत आलं. मालकांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बाई, चला, तुमच्या जागेवर बसा."

ती लगेच उठली नाही. हातातल्या कॉलरीचे उरलेले धागे तिनं टिपले, कात्री टेबलावर ठेवली, मांडीवरचा कचरा झटकला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही मशीन खोलत सुटलात, मिस्त्री. मला इथं संडासापाशी बसवलंत. आणि खोट तुमच्यातच. मग इतके दिवस तुम्ही ऐकलं तरी काय?"

कानसेनाची उजवी भुवई वर गेली. डावी होती तिथंच राहिली.

"जागा चुकली, बाई. तेवढ्याची माफी मागतो. पण कुठेतरी खोट आहे म्हणालो होतो, ती निघाली की नाही?"