लाडवातली खसखस

सदानंद बोरस्ते दोह्यात चौदा वर्षं राहत होता आणि एवढ्या वर्षांत त्याने एकदाही चुकीच्या जागी रस्ता ओलांडला नव्हता. अल नस्रमधल्या त्याच्या इमारतीच्या अगदी समोर किराणा दुकान होतं. पण सिग्नल लांब, म्हणून कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी हा गृहस्थ दहा मिनिटं चालत जायचा आणि दहा मिनिटं चालत परत यायचा. त्याची बायको पूर्णिमा खिडकीतून हसायची. "अहो, सगळे समोरून जातात, तुम्हालाच बरा कोणी धरणार!" सदानंदचं उत्तर ठरलेलं असायचं, "जाऊ देत त्यांना. आपल्याला पोरंबाळं आहेत."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशातली गत. पण एक सांगायला हवं, सदानंद जन्मजात भित्रा नव्हता. निफाडला असताना विहिरीत वरून उड्या मारणारा पोरगा होता तो. दोह्यात आला तेव्हा अल मन्सूरामध्ये एका खोलीत सहा जण राहायचे, त्यात रायगडचा आफताब होता. आफताब एकदा सुट्टीवरून येताना कुणा ओळखीच्यासाठी कंबरदुखीच्या गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आला. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. विमानतळावरच त्याला थांबवलं. अकरा दिवसांनी सुटून खोलीवर आला तो बॅग भरायलाच, कारण तोवर नोकरी गेली होती. बॅग भरताना त्याने कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. सदानंद पलंगावर बसून नुसता बघत राहिला. त्याला मदत करायचंसुद्धा सुचलं नाही.

पुढे लग्न झालं, ईशा झाली, आणि सदानंदच्या भीतीला घर मिळालं. नोकरीही अशी, की गॅसच्या प्रकल्पावर कागद सांभाळायचे. तीच सवय घरात आली. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, वेगवेगळ्या रंगाच्या फायली. शाळेत कुणाशी भांडायचं नाही, लिफ्टमध्ये मोठ्याने बोलायचं नाही, कुणाचा फोटो काढायचा नाही, कुणी दिलेली पुडी घ्यायची नाही. ईशा नऊ वर्षांची होती आणि तिला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं. आपलं इथलं राहणं दुसऱ्याच्या सहीवर आहे, ती सही केव्हाही मागे घेतली जाईल, असं त्याला मनातून वाटायचं. 

पूर्णिमाला दुसरं मूल झालं, मुलगा. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपणाला सदानंदची आई, अनुसयाबाई, येणार असं ठरलं. वय अडुसष्ट, विमान आयुष्यात पहिल्यांदा. सदानंदने व्हिसा काढला, तिकीट काढलं, आणि थोरल्या बहिणीला, नाशिकच्या गौरीताईला, व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. आईच्या सामानात काय नको याची. खसखस नको, हे पहिलंच. ती अफूच्या बोंडातली, म्हणून इथे खसखशीला बंदी आहे. पुढे गोळ्या, पुड्या, कुणाचं पार्सल. खाली लिहिलं, "ताई, तीनदा वाचून दाखव." ताईने तीनदा वाचून दाखवली.

शुक्रवार होता. दुपारी साडेचारला विमान उतरणार होतं. सदानंद एक वाजताच कपडे घालून बसला होता, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"सदा, निघाली बरं का आई. धवलने पोचवलं मुंबईला, एव्हाना आत सोडून निघालाही असेल तो." धवल म्हणजे ताईचा मुलगा. "आणि हे बघ, पूर्णिमाला लाडू वेळच्या वेळी दे. आईने चार दिवस खपून केलेत. डिंक, खारीक, गोडंबी, खसखस, कशात म्हणून काटकसर केली नाही."

सदानंदला आधी ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं.

"ताई, खसखस?"

"बाळंतिणीचे लाडू खसखशीशिवाय कधी होतात का?"

"अगं, मी लिहिलं होतं ना नको म्हणून!"

"ते पुडीचं रे. मी वाचून दाखवलं ना आईला. ती म्हणाली, आपण कुठं खसखस नेतोय, आपण लाडू नेतोय. मलाही ते पटलं. का रे, काही होतं का त्याने?"

अनुसयाबाईंचं तरी काय चुकलं म्हणा. लाडू झाला की त्यातली खसखस ती खसखस राहत नाही, हा हिशोब आपल्याकडची कुठलीही बाई असाच करेल. पण सदानंदची पाचावर धारण बसली. त्याने धवलला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आई तर आकाशात होती. स्टीलच्या डब्यात पस्तीस लाडू आणि डब्यावर तिचं नाव, असं त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

पूर्णिमाला त्याने काही सांगितलं नाही. बाराव्या दिवसाची बाळंतीण, तिला कशाला घोर. एकट्यानेच निघावं म्हणत होता, पण ईशा बूट घालून दारातच उभी. तिने रंगीत पेन्सिलींनी एक मोठा कागद रंगवला होता, "वेलकम आजी." नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

गाडी चालवताना तो मनाशी मांडणी करत होता. आईला बाजूला घेतील. ती घाबरेल. तिला हिंदी धड येत नाही, इंग्रजीचा प्रश्नच नाही. कुणासाठी आणलं विचारतील, ती सरळ सांगेल, माझ्या सदासाठी. तिच्या कनवटीला चिठ्ठी असणार, त्याने स्वतःच लिहून पाठवलेली, त्याचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर. मग फोन येईल. मग ऑफिसला कळेल. आणि घरात बारा दिवसांचं मूल, ज्याच्या नावाचा अजून पासपोर्टसुद्धा नाही. आपल्याला काही झालं तर पूर्णिमाने त्याला घेऊन कुठे जायचं? आईच्या काळजीने निघालेला माणूस विमानतळापर्यंत स्वतःच्या काळजीत कधी जाऊन पोचला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गाडी लावल्यावर त्याने पहिलं काम केलं ते ताईला पाठवलेली यादी फोनमधून पुसून टाकली. आपल्याला खसखशीचं माहीत होतं, याचा पुरावा नको म्हणून. पुसल्यावर त्याला स्वतःची शरम वाटली, पण यादी गेली ती गेलीच.

विमान वेळेवर उतरलं. माणसं बाहेर येऊ लागली. सदानंदला एकदा वाटलं, आपणच जाऊन सांगून टाकावं. साहेब, म्हातारी आहे, चुकून आणलंय, डबा ठेवून घ्या आणि तिला सोडा. तो चौकशीच्या खिडकीपर्यंत गेलासुद्धा. आतल्या मुलीने हसून विचारलं, "येस सर?" सदानंदच्या तोंडातून आलं, "टॉयलेट?" तिने बोट दाखवलं. मग त्या बोटाच्या दिशेने चार पावलं चालणं भाग होतं.

पाच वाजले. सव्वापाच झाले. मुंबईच्या विमानातली माणसं संपत आली. व्हीलचेअर सांगूया म्हटलं होतं, तर आई म्हणाली होती, "मला काय पाय न्हाईत?" आता त्याला वाटलं, निदान कोणी सोबत असतं.

फोन वाजला. अनोळखी नंबर, इथलाच. सदानंद त्याच्याकडे बघत राहिला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. त्याने आवाज बंद केला. खिशात तो आणखी दोनदा थरथरला.

"बाबा, युवर फोन," ईशा म्हणाली.

"असू दे."

त्याने तिच्या हातातला रंगीत कागद काढून घेतला, घडी घातली, शर्टाच्या आत सरकवला. ती विचारत राहिली, व्हाय बाबा, व्हाय. तो तिला घेऊन एका खांबाच्या मागे सरकला.

आणि आई बाहेर आली. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, पायात धवलने घेऊन दिलेले पांढरे बूट. ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर गणवेशातला एक उंच अधिकारी होता. एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात ती चिठ्ठी, आणि त्याच हाताने कानाला लावलेला फोन. सदानंदचा खिसा पुन्हा थरथरू लागला.

"आजी! बाबा, दॅट्स आजी!"

सदानंदने ईशाचं मनगट घट्ट धरलं. "गप्प. ती नाही."

"बट शी इज..."

"ती आपली आजी नाही. गप्प राहा."

ईशा त्याच्याकडे बघायला लागली.

आई गर्दीवरून नजर फिरवत होती. डावीकडून उजवीकडे, मग परत. मग खांबाशी येऊन ती नजर थांबली. आईचा चेहरा उजळला. तिचा हात वर आला, अर्धाच. सदानंदने मान फिरवली. किती वेळ? चार श्वास, पाच श्वास. पण फिरवली. अधिकाऱ्याने तिची नजर टिपली असावी, कारण आईला इकडच्या रीतीने मामा म्हणत मोडक्या हिंदीत तो विचारत होता, "मामा, वो बेटा? तुम्हारा बेटा?"

सदानंदने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आईचा हात खाली आला होता. तिने पदर नीट केला आणि मान हलवली. नाही.

तेवढ्यात ईशाने हिसका मारला. मनगट सोडवून ती पळत सुटली, "आजी, आजी" करत, आणि आजीच्या कमरेला जाऊन बिलगली. आता खांबाच्या मागे राहण्यात काही अर्थ नव्हता. सदानंद पुढे गेला. "माय मदर," तो म्हणाला, आणि मनगटं पुढे करायची तेवढी बाकी ठेवली.

अधिकाऱ्याने त्याला खालून वर पाहिलं. "युवर मदर? फाइव्ह टाइम फोन, ब्रदर. नो आन्सर." मग त्याने जे सांगितलं ते एवढंच, की म्हातारीला आपली बॅग ओळखता येत नव्हती. सगळे निघून गेल्यावर ती सामानाच्या पट्ट्याशेजारी एकटीच बसून होती. त्याने तिच्याकडची चिठ्ठी बघून बॅग शोधून दिली होती. त्याने बॅग सदानंदच्या हातात दिली, आईकडे बघून छातीवर हात ठेवला. "यल्ला मामा, खलास," चला, झालं, असं म्हणाला आणि निघून गेला. सदानंद आभाराचं शुक्रनसुद्धा म्हणू शकला नाही.

गाडीत आई आणि ईशा मागे बसल्या. सदानंदने दारं लावली, काचा वर केल्या, आणि समोर बघतच विचारलं, "आई, लाडू कुठायत?"

"लाडू व्हय?" आईचा आवाज दमलेला होता. "मुंबईलाच ऱ्हायले. बॅग जड झाली म्हणाली ती काउंटरवरची पोरगी, चार किलो काढा. मंग काय काढू? पूर्णिमाचं लुगडं काढू का बाळाची दुपटी काढू? डबा दिला धवलच्या हाती. फोनबी बंद पडला व्हता त्याचा, न्हाईतर तुला सांगितलं असतं. वाईट वाटलं मला लई."

लाडू मुंबईबाहेर पडलेच नव्हते. सदानंदने गाडी सुरू केली आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या रांगेत आणली. गेले चार तास तो ज्याला भीत होता, ते नाशिकच्या रस्त्यावर धवलच्या गाडीत होतं. पण त्यामुळे त्याला हलकं वाटलं नाही. आईने हलवलेली मान त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. खसखशीपायी तो घाबरलाय हे तिला ठाऊक नव्हतं, मग ती नाही का म्हणाली, हे विचारायची त्याची छाती नव्हती.

मागे ईशा आजीच्या हातातल्या बांगड्या चाळवत होती. तिला मराठी सगळी समजायची, पण बोलायची ती इंग्रजीत. आजीला इंग्रजी कळत नाही, हे बहुधा तिच्या लक्षात आलं असावं. ती शब्द जुळवत, सावकाश म्हणाली, "आजी, बाबा म्हणाले, ती आपली आजी नाही."

सदानंदला वाटलं, गाडीतून उतरून चालायला लागावं.

आईने ईशाला जवळ ओढलं. "व्हय गं माय. म्याबी त्या सायबाला सांगितलं, ह्यो माझा लेक न्हाई. तुझ्या बापाचं त्वांड असं पांढरं पडलं व्हतं, मला वाटलं, माझ्यापायी त्याला काहीतरी व्हईल. म्हणलं, मला काय, मी परत जाईन."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सदानंदला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

"चल रं सदा," आई म्हणाली. "बाळंतीण वाट बघत असंल."