चोवीस कापांचा वाडगा

खालापुरात जुन्या रस्त्याला लागून दशरथ कातारीची पत्र्याची शेड आहे. कातारी हा त्याचा धंदा; खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. बाप खाटेचे पाय कातायचा. लोकांनी खाटा टाकून दिवाण घेतले, तसा दशरथ पोळपाट-लाटण्यांवर आला. लोकांनी भाकरी-चपाती सोडली नाही, एवढं एकच काम देवानं आपल्यासाठी धड केलं, असं तो म्हणतो.

शाळेत त्याचा उजेड बेताचाच होता. नववीत दोनदा गटांगळी खाल्ली, दोन्ही वेळा मालतीबाईंच्या भूमितीत. त्यानंतर शाळा त्याला विसरली आणि तो शाळेला. म्हणून चौतीस वर्षांनी, गेल्या पावसाळ्यानंतर, त्याच बाई शेडसमोर रिक्षातून उतरल्या तेव्हा दशरथनं तोंडातला तंबाखू सरळ गिळून टाकला.

बाई आता चौऱ्याहत्तरच्या. नातवानं, शौनकनं, त्यांना परदेशातल्या एका लाकडी वाडग्याचा फोटो पाठवला होता. लाकडाचे छोटे तुकडे गोलाकार जोडून बांगडीसारखी कडी करायची, कड्यावर कडं चिकटवायचं आणि मग लेथवर कातून नक्षीचा वाडगा काढायचा. बाईंना वाटलं, हे तर निव्वळ कोनांचं काम. या वयात बायका भजनाला जातात, असं यजमान गोपाळकृष्ण म्हणाले. भजनात कोन नसतात, असं सांगून बाई कर्जतहून निघाल्या त्या थेट इथे.

वहीत सगळं मांडलेलं होतं. एका कड्याला बारा तुकडे, प्रत्येकाची दोन्ही टोकं पंधरा अंशांत कापायची, म्हणजे चोवीस काप. फार्महाऊसवाल्यांच्या फर्निचरमधून उरलेलं सागवान आणि शिसव दशरथकडे पडलेलंच होतं. त्यानं बाई सांगतील तसं कापलं. अकरा सांधे चिकटून बसले आणि बाराव्यानं आ वासला. बाईंनी गुण्या लावून पाहिला, कोनमापक लावला, दशरथकडे नववीतल्या नजरेनं पाहिलं. तीन शनिवार हेच चाललं.

चौथ्या शनिवारी बाईंनी हट्टानं त्या फटीत सरस आणि भुसा कोंबला, कडं वाळवलं आणि लेथवर चढवायला सांगितलं. हे टिकणार नाही, हे दशरथला ठाऊक होतं. पण मालतीबाईंना चूक दाखवायची सवय त्या गावात कोणालाच नव्हती. मशीन फिरलं, पटाशी टेकली आणि कडं फुटलं. एक तुकडा पत्र्यावर आदळला. दुसरा, दाराला पडदा म्हणून लावलेल्या कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरमध्ये घुसला, अगदी हात जोडलेल्या भाऊंच्या नाकातून. कोणाला लागलं नाही. बाई पोळपाटांच्या थप्पीवर बसल्या आणि चष्मा शोधू लागल्या.

तेव्हा कुठे दशरथनं तोंड उघडलं. "बाई, तुमचं गणित बरोबर हाय. पण मशीनला गणित येत नाय."

मग त्यानं समजावलं. प्रत्येक काप केसभर चुकतो. एक केस दिसत नाही, पण चोवीस केसांची वेणी होते. म्हणून सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धी कडी चिकटवायची, काचेवर काचपेपर ठेवून त्यांची तोंडं सपाट घासायची आणि मगच ती एकमेकांना भिडवायची. सगळी चूक त्या घासण्यात भुसा होऊन जाते.

"म्हणजे उत्तर आधीच धरायचं आणि शेवटची पायरी त्याला जुळवून घ्यायची," बाई म्हणाल्या. "याला मी शून्य द्यायचे."

"दिलंच की," दशरथ म्हणाला.

 बाईंनी पदर खोचला, अर्धं कडं हातात घेतलं आणि घासायला बसल्या.

सहा कड्यांचा वाडगा दिवाळीच्या आधी लेथवर चढला. वरचा थर निघून गेला आणि सागवानावर शिसवाची काळी पायरी गोल-गोल चढत वर येताना दिसली. इतक्या वर्षांत दशरथनं हजारो पोळपाट कातले होते, पण नुसतं बघण्यासाठी मशीन त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा थांबवलं. तेल लावून पुसलेला वाडगा त्यानं स्वतः बाईंच्या पिशवीत ठेवला.

दिवाळीनंतर तो बायकोला, सुनंदाला घेऊन कर्जतला बाईंकडे फराळाला गेला. टेबलावर वाडगा होता. वाडग्यात पाणी होतं आणि पाण्यात गोपाळकृष्ण काकांची कवळी होती. पेला फुटला म्हणून परवापासून आपल्या खोलीत हीच सोय केलीय, फराळासाठी आत्ताच बाहेर आणलीय, असं काकांनी बोळक्या तोंडानं प्रसन्नपणे सांगितलं. बाईंचा चेहरा शिसवासारखा झाला. सुनंदानं पदराआड हसू दाबलं.

दशरथनं मात्र कवळी बशीत काढली, पाणी मोरीत ओतलं आणि वाडगा खिडकीशी नेला. दोन दिवस पाणी प्यायलेलं लाकूड फुगतं, सांधे सोडतं. त्यानं एकेका सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. सहा कडी, बहात्तर सांधे. चहा निवून गेला.

"बाई, एक पण उघडला नाय."

बाईंनी वाडगा त्याच्या हातून घेतला आणि खालच्या कड्यापासून स्वतः नख फिरवायला सुरुवात केली. नवऱ्याला काय बोलायचं होतं ते त्या विसरूनच गेल्या. बशीतली कवळी कोणी धुऊन देईना, तेव्हा काकांनी चकलीचा नाद सोडला आणि ते दात नसलेल्या तोंडानं चहात बिस्कीट बुडवत बसले.