जीनच्या परसातला पाइन मार्टिन

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका फेब्रुवारीत, जीनचा फोन आला. परसात गुडघाभर बर्फ पडलाय, हरणं भिंतीपर्यंत येतायत, डॉक्टरांना घेऊन ये. जीन आमच्या हॉस्पिटलमधली जुनी वॉर्ड सिस्टर. रिटायर झाल्यावर ती स्कॉटलंडात, इन्व्हर्नेसच्या पुढे, एका दरीतल्या कॉटेजमध्ये एकटी राहायची. माझे यजमान शरद त्याच हॉस्पिटलात डॉक्टर होते. वर्षभरापूर्वी त्यांना स्ट्रोक झाला, उजवा हात अधू झाला, आणि इतकी वर्षं जिवापाड जपलेला कॅमेरा विकून टाकायची भाषा सुरू झाली. मी त्यांना न विचारताच जीनला ‘येतो’ म्हणून टाकलं आणि कॅमेऱ्याची बॅग गुपचूप गाडीच्या डिकीत ठेवली.

लंडनजवळच्या आमच्या मेडनहेडहून निघालो तेव्हा स्टिअरिंगवर मी होते. तोवर माझी धाव फार तर तासाभरावरच्या बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीपर्यंत. एम-फोर्टी मोटरवेवर लॉऱ्यांच्या मधून जाताना हाताला घाम फुटला होता. एम-सिक्सला लागेपर्यंत मी त्यांना ओव्हरटेक करायला लागले. शरद मांडीवर नकाशा घेऊन गप्प बसले होते. कार्लाइलजवळ एका बी-अँड-बीत, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, मुक्काम केला. हिवाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, पण बऱ्याच बंद असतात, म्हणून आधी फोन करा. पर्थच्या पुढे ए-नाइन रस्त्यावर बर्फ फार झाला की खिंडीच्या अलीकडचं फाटक लावतात. आम्हीही अडकलो. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि फ्लास्कमधला चहा तिथेच संपला. फाटक उघडल्यावर बर्फ बाजूला सारणाऱ्या स्नोप्लाऊच्या मागून हळूहळू खिंड ओलांडली, तेव्हा खरं सांगते, मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

जीनने बार्लीचं गरम सूप पुढे ठेवलं. हाताबद्दल एक शब्दही विचारला नाही.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून परस दिसलं. दगडी भिंत, कोळशाची शेड, पलीकडे पाइनचं जंगल. पक्ष्यांसाठी टांगलेल्या शेंगदाण्यांच्या जाळीला लाल खार उलटी लटकली होती आणि भिंतीवरचा आयव्हीचा वेल दोन हरणं खात होती. मी कॅमेरा घेऊन शेडमध्ये जाऊन बसले. पहिल्याच क्लिकला हरणं पसार झाली. परत आत आले तर शरद खिडकीशी उभे होते.

“सगळं करडं येणार तुझं,” ते म्हणाले. “बर्फाला कॅमेऱ्याचा मीटर फसतो. उजेड दीड स्टॉप जास्त दे.”

वर्षभरात फोटोबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. मी म्हटलं, “मग तुम्हीच या ना, अहो.”

त्यांनी उजवा हात थोडासा उचलून दाखवला. “याने?”

कप धुता धुता जीनने वळून पाहिलं आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, “डावा ठीक आहे ना, डॉक्टर? मग कोट घाला.”

त्यांनी कोट घातला. बाही चढवायला वेळ लागला, पण आम्ही दोघीही मदतीला गेलो नाही.

बॅगेच्या कप्प्यात शटर दाबायची केबल आहे, हे त्यांनीच सांगितलं. ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, केबल त्यांच्या डाव्या हातात, आणि फिल्म पुढे सरकवायचं काम माझं. जीन म्हणाली, भिंतीवर जॅम लावलेला ब्रेड ठेवा, अंधारायच्या आधी पाइन मार्टिन येतो. मांजराएवढा, मुंगसासारखा लांबट, चॉकलेटी रंगाचा प्राणी, गळ्याखाली पिवळसर डाग. शरदनी ब्रेडवर फोकस पक्का करून ठेवला. थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून जादाची मी ब्लाउजच्या आत ठेवली होती. तुम्हीही अंगाशीच ठेवा.

पहिल्या दिवशी तो आला, पण मी फिल्म सरकवली आणि त्या आवाजाने पळाला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, आलाच नाही. शेवटच्या दुपारी बर्फ भुरभुरत होता आणि उजेड चालला होता. मी शरदना विचारलं, आत जायचं का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात भिंतीवर तो उभा! ब्रेड हुंगला, मग मान वर करून थेट आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दाबा, दाबा. ते थांबले. त्याने पुढचा एक पाय उचलला, तेव्हा क्लिक झालं. फिल्म सरकवायला मी हात नेला, तर त्यांनी नको म्हणून खूण केली आणि तो पोट भरून जाईपर्यंत आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

घरी आल्यावर स्लाइड्स धुऊन आल्या. माझी हरणं खरंच करडी आणि धूसर होती. त्यांचा मार्टिन मात्र उचललेल्या पंजासकट, मिशांवरच्या बर्फाच्या कणांसकट लख्ख, आणि बर्फ पांढराशुभ्र. गावातल्या कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत तो फोटो चर्चच्या हॉलमध्ये लावला गेला. जीनला प्रिंट पाठवली, तिने ती स्वयंपाकघरात लावली.

इतक्या वर्षांत बरेच प्रवास झाले, पण कोणी विचारलं की मी याच प्रवासाबद्दल सांगते. स्पर्धेत त्यांना तिसरं बक्षीस मिळालं. बक्षीस घेऊन परतताना गाडी मीच चालवत होते आणि शेजारी शरद अखंड बोलत होते: परीक्षकाला बर्फातलं काही कळत नाही, पहिल्या नंबराच्या त्या सूर्यास्तात आहे काय, पुढच्या वर्षी दाखवतो त्याला. घर आलं तरी त्यांचं बोलणं संपेना, म्हणून मी घराकडचं वळण घेतलं नाही आणि गाडी नदीकडे नेली.