पासवर्ड हिला सांगू नका

"पासवर्ड बदला. आणि हिला सांगू नका."

सर हे बोलले तेव्हा त्यांचं तोंड तन्वीकडे होतं आणि बोट माझ्याकडे. मग मला म्हणाले, "तू जरा बाहेर थांब."

मी कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर थांबले. दार उघडंच होतं. आत तन्वीनं काहीतरी टाइप केलं. बाकीच्यांनी तिच्याभोवती डोकी घातली. ती हळू आवाजात काहीतरी बोलली, कोणीतरी हसलं. नववीचा वर्ग व्हरांड्यातून पीटीला चालला होता. त्यातल्या एका पोरीनं विचारलं, "काय केलंस गं?"

बाहेर उभं केलंय म्हणजे काहीतरी केलंच असणार. तिचं तरी काय चुकलं.

झालं होतं ते असं. आम्ही दहावीतली काही मुलं मिळून एक वेबसाइट बनवत होतो. वाड्या-वस्त्यांवरच्या प्राथमिक शाळेतल्या पोरांसाठी. गणित, विज्ञान, सगळं मराठीत, चित्रांसकट. नगरला जिल्ह्याच्या स्पर्धेत ती दाखवायची होती. कल्पना कॉम्प्युटरच्या सरांची. पानं मात्र मी बांधायचे. कोड माझा, बरेचसे धडेही माझे. मला ते येत होतं, लई आवडत होतं. शाळा सुटली तरी मी लॅबमधून उठत नसे. शिपाईमामा कुलूप हलवत दारात उभे राहायचे.

पहिल्या पानावर संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो होता. अध्यक्ष म्हणजे तन्वीचे आजोबा. एका सकाळी तो फोटो दिसेना. त्या जागी रिकामी चौकट. बाकी सगळं जागच्या जागी. लॉगिन आम्हा सगळ्यांकडे होतं. पण सरांनी कोणाला काही विचारलं नाही. स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "नेमका अध्यक्षांचाच फोटो गेला. ज्यांच्या मनात असतं ना, त्यांना बरोबर जागा सापडते."

आम्ही बौद्ध. त्या गटात मी एकटीच. हे सर बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

घरी गेले. आई दुसऱ्याच्या रानात कांदे काढून आली होती, पाय धूत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरं सांग. तू हात लावला हुता का?"

हे मला लॅबमधल्यापेक्षा जास्त लागलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग रडती कशाला? ज्यानं केलं त्यो रडंल."

वडील टेम्पो चालवतात. गावातल्या बागायतदारांचाच माल भरतात. ते म्हणाले, "सरांशी वाकडं घिऊ नको. धाव्वी हाय तुझी. कडंकडंनं निघून जायाचं."

त्या दिवसापासून मी मागचं सगळं उलगडून बघायला लागले.

सुरुवातीला आम्ही रविवारी तन्वीच्या घरी जमायचो. तिच्याकडे वायफाय होतं. एकदा तिच्या आईनं पोहे देता देता विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगितलं. "हो का," त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी तन्वीचा मेसेज आला, घरी पाहुणे आहेत, शाळेतच जमू. नंतर कायम शाळेतच जमलो. मी तेव्हा पाहुण्यांवर विश्वास ठेवला होता.

पेपरवाला फोटो काढायला आला तेव्हा सर मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर बस, स्क्रीन चालू दिसली पाहिजे." छापून आलेल्या फोटोत माझी पाठ होती. तेव्हा वाटलं होतं, चला, काम करणारी मीच दिसते.

धड्यांना आवाज मी दिला होता. सरांनी तो काढून तन्वीचा घातला. "मुलांच्या कानावर शुद्ध पडलं पाहिजे. तू पाण्याला पानी म्हणतेस." ज्या पोरांसाठी साइट होती, ती सगळी पानीच म्हणतात. पण मी मान हलवली होती. वर लाजलेही होते.

आता यातली एकेक गोष्ट हातात घेऊन बघत होते. कदाचित पाहुणे खरंच आले असतील. कदाचित पेपरवाल्यालाच माझी पाठ हवी असेल. मला कळेना. आणि कळत नव्हतं हेच सगळ्यात वाईट होतं. डब्यातली भाजी कोणी पुढे केली तरी मी आधी तिच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी संशय माझ्या एकटीवर घेतला आणि मोकळे झाले. मला तो सगळ्यांवर घ्यावा लागला.

काही दिवसांनी सर हसतच लॅबमध्ये आले.

"अरे, तो फोटो माझ्याकडूनच उडाला होता. मोबाईलवरून नवीन टाकायला गेलो, जुना डिलीट झाला आणि नवीन चढलाच नाही."

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्हीच हॅकर." पुन्हा हसले. सर माझ्याकडे वळले. "चल, नवीन पासवर्ड घे. मोबाईलवर पानं नीट दिसत नाहीयेत, तेवढं आज बघून टाक."

बस. एवढंच.

तन्वी माझ्या कानाशी म्हणाली, "मला माहीत होतं तू केलं नाहीस."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

ती स्क्रीनकडे बघायला लागली.

मी उठून उभी राहिले. "सर, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात. आता पण सगळ्यांसमोर बोला."

"काय बोलू?"

"मी केलं नव्हतं, हे."

"सांगितलं ना आत्ता, माझ्याकडून उडाला म्हणून."

"ते फोटोचं सांगितलंत, सर. माझं नाही."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "टीममध्ये राहायचंय का नाही तुला?"

"राहायचंय. म्हणूनच म्हणतेय."

"बस खाली. जास्त शहाणपणा नको."

मी बसले नाही. पासवर्डही घेतला नाही. तास संपेपर्यंत तशीच उभी राहिले. वडिलांचं बोलणं आठवत होतं, कडंकडंनं जायाचं. पण कडेला तर मी होतेच. अजून कुठं सरकायचं?

सर बोलले नाहीत. मी पानं दुरुस्त केली नाहीत. नगरला ते माझ्याशिवाय गेले आणि बक्षीस घेऊन आले. शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागला. वर अध्यक्ष, खाली सर आणि बाकीची मुलं. माझे धडे त्या साइटवर अजून आहेत. असू देत. वस्तीवरची पोरं ते वाचतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आता मी नगरला एका ऑफिसात वेबसाइटचंच काम करते. मध्यंतरी सर एसटी स्टँडवर भेटले. खूश झाले. म्हणाले, "शाळेत ये एकदा. मुलांना मार्गदर्शन कर. आपली विद्यार्थिनी म्हणून अभिमान वाटतो."

मी विचारलं, "सर, तुम्ही मला लॅबच्या बाहेर उभं केलं होतं, आठवतं?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "छे गं. तुला कशाला बाहेर उभं करीन मी?"

खोटं बोलत नव्हते. विसरले होते. माझं अख्खं वर्ष कडू झालं ती गोष्ट त्यांच्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती.

म्हणून मी हो म्हणाले. शाल-नारळ नको, एवढं सांगून ठेवलंय. माईक हातात आला की अभ्यास कसा करावा, हे नंतर सांगेन. आधी तो दिवस सांगणार. सरांचं नाव घेऊन. ते पहिल्या रांगेत बसलेले असतील. मुलं माना उंचावून त्यांच्याकडे बघतील.

बघू देत.