भुवड बाईंचा मशेरीचा डबा

नाटे गावाजवळच्या एका वाडीच्या शाळेत गंगा भुवड पहिली-दुसरीला शिकवत. प्रार्थना झाली की त्या मुलांचे दात पाहत. न घासता आलेल्याला बाहेर पाण्याच्या पिंपापाशी उभं करत आणि तळहातावर चिमूटभर मशेरी देत. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड त्या घरून डब्यात आणत. वाडीतल्या बायका तिनेच दात घासत. बाईंनाही लहानपणापासून तीच सवय. ही गोष्ट १९८४ सालची. दात न घासता येणारी मुलं त्या वर्षी वाढतच गेली. पोरं आळशी झाली, असं बाई म्हणत.

सात वर्षांची राही त्यांत रोज असे. तिची आई सोनूबाई एकदा सांगून गेली, "आयतवारी ही डोकं धरून बसता. साळंत आली की बरी." बाईंना तो शाळेचा गौरव वाटला.

दिवाळीनंतर रत्नागिरीहून दातांचे डॉक्टर चारुदत्त आगाशे तपासणीला आले. राहीच्या हिरड्या पाहून त्यांनी विचारलं, "कशानं घासतेस गं?"

"मशेरीनं. बाईंच्या डब्यातल्या."

"ती मुद्दाम घासून येत नाय!" मागून एक मुलगी ओरडली. "लवू पण!"

"आणि तू गो?" लवू म्हणाला. वर्ग हसला.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. "बाई, तुम्ही मुलांना तंबाखू देता?"

"भाजलेली असते, डॉक्टर. भाजली की तिचा अंमल जळून जातो."

"जात नाही. तुम्ही एक दिवस न लावता राहून बघा."

बाईंची नजर डब्याकडे गेली. सकाळपासून त्यांनी दोनदा लावली होती. रविवारी शाळा नाही, म्हणून डबा नाही, म्हणून राहीचं डोकं दुखतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणला नाही. राही पिंपापासून हलेना. हाताला धरून आत न्यायला गेल्या, तर ती त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. बाईंनी सोनूबाईला बोलावून घेतलं आणि ही सवय आपणच लावल्याचं सांगितलं.

सोनूबाई हसली. "एवढाच ना? मी घाबरलंय, काय झाला म्हणून." कनवटीची पुडी सोडून तिने चिमूट पोरीपुढे धरली. "घे गो."

बाईंनी तिचा हात पकडला. राही दोघींच्या मध्ये तोंड उघडून उभी होती.