कै. सौ. कुसुमचा मिक्सर

श्रीरामपूरला बाजाराचा दिवस होता. नव्वदचं दशक निम्मं सरलेलं... आणि मी सकाळपासून शफीभाईंच्या दुकानातल्या बाकावर बसून फळीवरच्या एका मिक्सरकडे बघत होतो.

लोकांच्या घरातलं नको झालेलं विजेचं सामान शफीभाई घ्यायचे. इस्त्र्या, पंखे, रेडिओ. दुरुस्त होईल ते फळीवर, तिथून दुसऱ्या कुणाच्या घरी. गिऱ्हाईक मिळालंच नाही तर मागच्या अंगणात मोडीच्या ढिगावर... तिथे तांबं वेगळं, लोखंड वेगळं.

तो मिक्सर आमचा. म्हणजे कुसुमचा, माझ्या बायकोचा. तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मला शाळेतल्या कवितांचा नाद. साखर कारखान्यातली नोकरी संपल्यावर तर रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून चालीवर म्हणायचो. दुसरं कडवं संपलं की कुसुम म्हणायची, "झालं का? आता मी चटणी वाटते." आणि बटण दाबायची. माझं तिसरं कडवं आमच्या घरात कधी कुणी ऐकलंच नाही...

दवाखान्यात शेवटी शेवटी तिला काळजी कसली, तर या मिक्सरची. मी काही स्वयंपाक करायचा नाही, डबा लावणार, हे ती ओळखून होती. म्हणाली, "तो नुसता पडू देऊ नका, जाम होतो. कुणाच्या तरी घरात फिरता राहू दे." सगळ्या संसारात तिने स्वतःसाठी म्हणून काही मागितलं असेल, तर ते एवढंच.

म्हणून तो शफीभाईंकडे दिला. पण देण्याआधी एक केलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, आणि गेलेल्या माणसामागे देवळाला पंखा दिला तर त्याच्या पात्यांवरसुद्धा. तसं मी भांड्यांच्या दुकानात जाऊन मिक्सरच्या स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतलं. 'कै. सौ. कुसुम'. पुढे 'स्मरणार्थ' घालायचं होतं, पण मध्ये दांडा आला.

वाटलं, वापरणारी बाई रोज तिचं नाव वाचेल. फार सुंदर वाटली होती तेव्हा ही कल्पना... अगदी कवितेसारखी.

मग दर बाजाराला तेच. एखादी बाई यायची, शफीभाई मिक्सर लावून दाखवायचे, आवाज खणखणीत. बाई खूश होऊन भांडं उचलायची, नाव वाचायची... आणि अलगद खाली ठेवायची. एकदा एकीने बरोबरच्या बाईला सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, "मेलेल्या बाईचं भांडं घरात कशाला न्यायचं?"

शफीभाईंच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं, फक्त मला बोलले नव्हते. त्यावर बसेल असं दुसरं भांडं त्यांनी खूप शोधलं, मिळेना. आणि नाव मी घासू देईना. एकदा सरणावर ठेवली होती तिला... आता पुन्हा माझ्याच हाताने पुसून टाकायची?

दिवाळी तोंडावर आली तशी दुकानात सामान मावेना. शफीभाई खाली मान घालून म्हणाले, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या बाजारापर्यंत ठेवतो. नाही गेला तर मोडीत."

मोड... कुसुम मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवायची, ती याच मिक्सरच्या शेजारी. सकाळी मोड आलेले असायचे. शब्द तोच. पण त्या अंगणातल्या ढिगाला कधी काही फुटलेलं मी पाहिलं नाही.

तर तो हा शेवटचा बाजार. दुपार कलली, गर्दी पांगली. शफीभाईंनी माझ्याकडे न बघता मिक्सर फळीवरून काढला आणि मागच्या दाराशी नेऊन ठेवला.

तेवढ्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगाने दणकट. कोल्हारला रस्त्यावर त्यांची नाश्त्याची टपरी होती, चटणी वाटून वाटून हात गेले म्हणत होत्या. त्यांनी मिक्सर लावून बघितला, भांडं उजेडात धरलं, एकेक अक्षर लावत वाचलं. मग विचारलं, ही कोण? शफीभाईंनी हनुवटीनेच माझ्याकडे दाखवलं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मालक जिता बसलाय, आन् बाईला कैलासाला धाडून मोकळा," त्या म्हणाल्या. "ते पयलं अक्षर तेवढं घासा, भाऊ. बाकीचं ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं सौभाग्यवती म्हनूनच ऱ्हाईल ती."

शफीभाईंनी कानस घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

एक अक्षर आणि एक टिंब. एवढंच तर होतं. घासून जायला कितीसा वेळ लागणार... मागे राहिलं, 'सौ. कुसुम'.

बाईंनी मिक्सर पिशवीत घातला आणि जाता जाता म्हणाल्या, "चटनी खायाला या, अण्णा." या म्हणाल्या, पण मी कधी गेलो नाही. पुढे एसटीने कितीदा तरी कोल्हारवरून गेलो. खिडकीतून टपरी दिसायची... उतरायचं धाडस झालं नाही.

त्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. पण त्यांचे उपकार आहेत. कोल्हारला माझी कुसुम सौभाग्यवती राहिली, फिरती राहिली.

माझ्या घरात मात्र ते अक्षर आहे तिथेच आहे. त्याला कानस चालत नाही... सकाळी अजून उंबऱ्यात उभा राहतो, कविता म्हणतो. तिसरं कडवं होतं, चौथं होतं, शेवटपर्यंत होते सगळी. कुणी बटण दाबत नाही.