आळशी आणि अळशी

अन्याय माझ्या वर्गातल्या सुनीतावर झाला. आम्ही आठवीत होतो तेव्हा, संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, वसतिगृहाच्या अंगणात.

आज राळेगावात मुलींच्या आहाराची पत्रकं वाटून थकले, एका ओट्यावर टेकले, आणि घरातून जवस भाजल्याचा खमंग वास आला. तो सोमवार पुन्हा समोर उभा राहिला. सुनीताच्या कंगव्यात केसांचा पुंजका, अधीक्षिकाबाईंच्या हातात कात्री.

“तेल लावत नाहीस, म्हणून गळतात. आळशी कुठली!”

“लावतो न बाई, रोज लावतो. अळशीच पाह्यजे मले. मायनं देल्ली अळशीची चटणी काहून ठेवून घेतली तुम्ही?”

जवसाला अळशीही म्हणतात. सगळ्या पोरी हसल्या. मीही हसले. तेवढ्यात वेणी खाली पडली.

तेव्हा वाटलं, काय उलट बोलते ही! आता कळतं, ती जेवण मागत होती. आमच्या पातळ वरणावर तेलाचा थेंब तरंगत नसे. ताटात स्निग्ध काहीच नसेल, तर डोक्यावर बाटली ओतूनही केस टिकत नाहीत.

तुमच्या गावातही वसतिगृह असेल. उद्या जेवणाच्या वेळी आत जा, मुलींच्या वरणात पळी फिरवून बघा. आणि एखादी काही बोलली, तर हसू नका.